शिळ्या सणाचं ताट

मुंबईच्या इंग्रजी शाळेत पहिल्याच महिन्यात मी मुसलमान ठरले. सिस्टरनी वर्गात विचारलं, तुमचे लोक प्रार्थनेला कुठे जातात? घरी जे म्हणतात तेच मी सांगितलं, "मशिदीत." त्यांनी मान डोलावली आणि मला खिडकीजवळ दोन मुसलमान मुलींच्या बाकावर बसवलं. रमझान सुरू झाला तेव्हा मधल्या सुट्टीत त्या माझ्याकडे बघून समजुतीने हसल्या आणि डबा उघडला नाही तरी चालेल म्हणाल्या. चूक दुरुस्त करायची तर सगळ्यांसमोर बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा मी उपाशी राहिले. मुंबईत मी मावशीकडे राहायचे; डबा तिच्या जिन्यात बसून संध्याकाळी खायचे.

सुट्टीत पनवेलला आल्यावर हे मी फक्त दादाला सांगितलं. तो हसून हसून ओट्यावर आडवा झाला.

"ईद मुबारक, मडम! आई, हिला शीरखुर्मा कर."

बाबा खुर्चीत बसून पंच्याच्या काठाचे सुटलेले धागे कापत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "त्यात हसायचं काय? मशिदीला मशीदच म्हणायचं. माझा आजा तेच म्हणायचा. ऐकणाऱ्याला कळतं."

आम्ही बेने इस्राएल. कोकणातले, मराठी बोलणारे ज्यू. पनवेलची जुनी माणसं आम्हाला अजून शनवार तेली म्हणतात, कारण आमचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे. त्या घाण्याचा दगड आमच्या परसात पडून आहे. आई त्यावर कपडे आपटते. घाणा कधीच गेला, बाबा कचेरीत कारकून झाले; पण सणांची नावं घरात तीच राहिली. नव्याचा सण, खिरीचा सण. आणि वर्षातला सगळ्यात मोठा उपास, ज्याला पुस्तकात किप्पुर म्हणतात, तो आमच्या आईसाठी दारफाळणीचा सण होता. दार बंद करायचा सण.

त्या दिवशी ऊन उतरायच्या आत अंघोळी होत. पांढरे कपडे घालून बाबा आणि दादा मशिदीत जात ते दुसऱ्या रात्रीच परतत, आम्ही दोघी आत राहत असू, आणि आई दाराच्या दोन्ही फळ्या ओढून अडसर घालायची. मग दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत कुणाला हाक मारायची नाही, कुणाच्या हाकेला ओ द्यायची नाही. मासळीवाली कोळीण रोज आमच्या ओट्यावर टोपली उतरवायची. खवलं नसलेलं आम्हाला चालत नाही म्हणून कोळंबी आणि कुर्ल्या ती आमच्याकडे काढायचीच नाही, "तुमचं खवल्याचं हाय, ता वेगलं ठेवलंय" म्हणायची. त्या दिवशी ती समोरच्या कडेने जायची आणि आमच्या घराकडे बघायचीसुद्धा नाही.

आई सांगायची, दार लागायच्या आधी आपली गेलेली माणसं घरात येतात. ती उपासाचा दिवस आपल्यात राहतात. उपास सुटल्यावर उगवणाऱ्या सकाळी, शिळ्या सणाला, परत जातात. त्या सकाळी त्यांच्यासाठी एक ताट वाढलेलं असे. तांदळाच्या पुऱ्या, नारळाच्या रसातली कोंबडी, गव्हाच्या चिकाचा हलवा, उपासाआधी करून ठेवलेलं जे असेल ते. मग आई दार उघडायची आणि बाजूला उभी राहायची. ती माणसं उंबरा ओलांडून जाईपर्यंत आम्ही कुणी बाहेर पाऊल टाकायचं नाही. आई थोडा वेळ थांबून रस्त्याकडे बघत म्हणायची, "सावकाश जा." त्यानंतर दारात जो पहिला येईल त्याला ते ताट द्यायचं. बहुतेक वेळा कोळीणच यायची. ती विचारायची, "आज कोनाचा?" आई म्हणायची, सासूबाईंचं. किंवा मामंजींचं. ती ओट्यावर बसून जेवायची आणि त्या गेलेल्या माणसाला बरं वाटेल असं काहीतरी बोलायची. "कोंबरी बेस झालीय हां म्हातारे."

हे सगळं मला जेवण्याइतकं साधं वाटायचं. मी शाळेत याबद्दल कधी बोलले नाही, एवढंच.

बाबा तापाने गेले तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्षात होते. मला बसने ठाण्यावरून आणेपर्यंत सगळं झालं होतं. मी त्यांना पाहिलं नाही. त्यामुळे असेल, त्या वर्षीच्या दारफाळणीची मी फार वाट पाहिली. शिळ्या सणाला आईने बाबांचं ताट वाढलं, हलवा थोडा जास्त. दार उघडलं. मी भिंतीला टेकून उभी होते. आई म्हणाली, "सावकाश जा," आणि मग हळूच, बायका नवऱ्याला कचेरीत जाताना सांगतात तसं, "छत्री घेतली का?"

पाऊस नव्हता. आम्ही दोघी हसलो. बाबा गेल्यानंतर आम्ही तेव्हा पहिल्यांदा हसलो.

दादा हसला नाही. तो तेव्हा मुंबईत कॉलेजात होता आणि आमच्या तरुण मुलांसाठी चाललेल्या एका वर्गाला जायचा. बाहेरदेशाहून आलेले एक शिक्षक तिथे हिब्रू शिकवत. बाबांच्या मागे त्याने वर्षभर कद्दिश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हटला, एक दिवस चुकवला नाही. आधी वडिलांकडून ऐकलेलं नुसतं म्हणत होता. मग त्याला अक्षरं कळू लागली, मग अर्थ. सुट्टीत आला की घाण्याच्या दगडावर कोळशाने अक्षरं काढून तो मला शिकवायचा. शमा ही आमची रोजची प्रार्थना मी लहानपणापासून डोळ्यांवर हात ठेवून म्हणत आले होते. त्यातला प्रत्येक शब्द काय म्हणतो ते मला पहिल्यांदा दादाने सांगितलं. 'ऐक' यापासून ती सुरू होते, हे मला माहीतच नव्हतं. मी सात वर्षं सिस्टरांकडून बायबल पाठ केलं होतं. पण देव आपल्याला "ऐक" म्हणतो, हे परसातल्या दगडाजवळ, ओल्या कपड्यांच्या वासात कळलं. त्यानंतर प्रार्थना म्हणताना माझा आवाज मलाच वेगळा लागायचा. दादाबद्दल पुढे जे सांगणार आहे त्याच्या आधी हे सांगायला हवं.

तो घरातही शिकवू लागला.

"आई, मशीद म्हणू नकोस. सिनॅगॉग म्हण."

"शिनगाग," आई म्हणाली. "झालं? आता देव लवकर ऐकेल?"

"चेष्टा नको गं. मशीद मुसलमानांची. लोक काय समजतील?"

"तुझे बाबा मरेपर्यंत मशिदीतच गेले. मग त्यांच्या प्रार्थना कुठे पोचल्या? पत्ता चुकला म्हणून परत आल्या का?"

मला हसू आलं, पण दादाचा चेहरा बघून मी ते गिळलं. त्याला खरंच त्रास होत होता. त्या वर्गात इतर देशांतल्या ज्यूंच्या गोष्टी ऐकून यायचा आणि मग आमच्या घराकडे असा बघायचा, जसा कुणी परीक्षेला बसायच्या आधी स्वतःच्या पाटीकडे बघतो. हे पुसायला हवं, हे नीट लिहायला हवं.

पुढच्या शिळ्या सणाला आईने ताट वाढलं आणि दाराचा अडसर काढला. दादा अंघोळ करून मागे उभा होता.

"आई, हे आपलं नाही," तो म्हणाला. "हे पितरांचं आहे. शेजाऱ्यांकडून आपण उचललं."

"शेजाऱ्यांकडून मीठ पण घेतो आपण."

"पुस्तकात कुठे लिहिलंय, मेलेली माणसं जेवायला येतात म्हणून? मी सगळं शोधलं. कुठेही नाही. बाबांना ताट नको आहे, आई. प्रार्थना हवी आहे. ती मी करतोय ना? रोज करतोय."

"कर की. मी कुठे नको म्हटलं? तू तुझं दे, मी माझं देते."

"दोन्ही खरं असू शकत नाही."

आईने दोन्ही फळ्या उघडल्या आणि बाजूला झाली. बाहेर ऊन पडलं होतं. दादा पुढे आला, क्षणभर थांबला, आणि सरळ उंबरा ओलांडून रस्त्यावर गेला. बाबांच्या आधी.

रस्त्यावरून तो वळून म्हणाला, "बघ. काही नाही झालं."

त्याच्या आवाजात अरेरावी नव्हती. लहान मुलाला अंधाऱ्या खोलीत नेऊन दाखवावं, तसं तो आईला दाखवत होता. आईचा हात फळीवर तसाच राहिला. त्या दिवशी ती "सावकाश जा" म्हणाली नाही. कोळीण आली, "आज कोनाचा?" तिने विचारलं, आणि आईने "असंच. जेव तू," म्हणत ताट पुढे केलं.

त्यापुढच्या वर्षी ताट वाढलं नाही. दादाने विचारलं नाही, आईने सांगितलं नाही. दार मात्र ती लावत राहिली. एकदा भाजी निवडताना तिने मला विचारलं, "तुझ्या इंग्रजी शाळेत काय सांगायचे? मेल्यावर माणूस कुठे जातो?"

"स्वर्गात."

"तिथून रजा मिळते का?"

मी म्हटलं, त्याबद्दल काही शिकवलं नाही.

"शिकवायला पाहिजे होतं," ती म्हणाली आणि भाजी धुवायला उठली.

दादा इस्राएलला जायला निघाला तेव्हा आळीतली निम्मी घरं आधीच गेलेली होती किंवा जायच्या तयारीत होती. कुणाला काम हवं होतं, कुणाचे भाऊ गेले होते म्हणून. दादाला तिथे जाऊन नीट ज्यू व्हायचं होतं. तो असंच म्हणायचा, नीट. मग मला बोलावून घेणार होता आणि शेवटी आईला. आईने त्याच्या प्रवासासाठी मलिदा केला. गोड पोहे, खोबरं, फळं, वर एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताचं नाव. हेही पुस्तकात नाही, हे आम्हा तिघांना माहीत होतं. दादाने सगळे आशीर्वाद स्पष्ट, सुंदर उच्चारांत म्हटले. आईच्या डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं. मग त्याने दोनदा मलिदा घेतला.

"पुस्तकात नाही ना रे?" आई म्हणाली.

"पुस्तकात नाही, पण गोड आहे," दादा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे केली.

निघताना आईने दारात त्याला "सावकाश जा" म्हटलं. मला ते ऐकून कसंतरी झालं.

पुढची पाच-सहा वर्षं त्याची खुशाली येत राहिली. कारखान्यात काम, डोंगरावरचं शहर, थंडी. एक मुलगी, आपल्यातली नाही, पण ज्यू. तिचे आईवडील युरोपातले. लग्न ठरतंय. त्यानंतर बरेच दिवस नुसतंच "मी बरा आहे". माझे कागद त्याने मागवले होते, त्याबद्दल काही नाही. मी तोवर इथल्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले होते. कुणी विचारलं तर म्हणायचे, जाणार आहे.

काय घडलं ते आम्हाला आळीतल्या काकांनी सांगितलं. ते सुतार; बायकोला तिथली थंडी सोसेना म्हणून परत आले. संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले, चहा घेतला, तिथल्या पावाला नावं ठेवली. मग आई म्हणाली, "आमच्या पोराचं सांगा."

काकांनी बशी खाली ठेवली. लग्नाची नोंद करायला दादा तिथल्या धर्मगुरूंसमोर गेला होता. इतकी वर्षं शिकलेली हिब्रू तो तिथे जन्मल्यासारखी बोलायचा. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं. मग विचारलं, तुझ्या आईवडिलांचं लग्न कुठे लागलं?

"आणि हा म्हणाला, पनवेलच्या मशिदीत."

मी आईकडे बघितलं. ती काकांकडेच बघत होती.

"तोंडातून गेलं, वहिनी. आईबाप म्हटल्यावर मराठीच आलं तोंडात. तिथे अरब लोक आहेत, मशीद सगळ्यांना कळते. समोरच्याने लेखणी खाली ठेवली. हा किती समजावत होता, की आमच्याकडे तसं म्हणतात, शब्दच आहे नुसता. तो म्हणाला, बरोबर, पण तुम्हा हिंदुस्थानातल्या लोकांबद्दल आमची खात्री नाही. आईची आई, तिची आई कोण होती ते बघावं लागेल. आणि मग पाण्यात बुडी मारून घ्यावी लागेल, धर्मात नवीन येणाऱ्याला देतात तशी. ते तर काय, आपल्या सगळ्यांनाच विचारत होते हो. शब्दाचं निमित्त झालं."

"मग?" आई म्हणाली.

"मग हा उठला. म्हणाला, माझ्या आईने वर्षानुवर्षं दार लावून उपास धरलाय. आधी तिला बुडवून काढा, मग मला."

आई हसली. खरंच हसली, पदर तोंडाला लावून. "मला बुडवणार? माझे गुडघे धरतात पाण्यात."

मुलीच्या वडिलांनी थांबा म्हटलं. मुलगी काही दिवस थांबली, नंतर तिचं लग्न झालं. दादा बंदराच्या शहरात निघून गेला. काका परत यायच्या आधी त्याला भेटायला गेले होते, नेमका किप्पुरचा दिवस होता.

"म्हटलं, मशिदीत जाताना याला बरोबर घ्यावं. खोलीवर गेलो. हा बनियनवर बसलेला, स्टोव्हवर चहा. मला म्हणाला, काका, घेणार का?"

"उपास नव्हता?" मी विचारलं. माझा आवाज मोठा निघाला.

काकांनी मान हलवली. "म्हणाला, ज्यांची खात्री आहे त्यांनी धरावा."

आईने यातलं काहीच विचारलं नाही. तिने विचारलं, "दार?"

"काय?"

"खोलीचं दार लावलं होतं का?"

"सताड उघडं होतं, वहिनी."

आईने कप उचलले आणि आत गेली. मी त्या संध्याकाळी शमा म्हणायला उभी राहिले आणि पहिल्या शब्दाशीच थांबले. ज्याने मला तो शब्द समजावला त्याला आता तो ऐकायचा नव्हता, आणि मला दुसऱ्या कुणाच्या आवाजात तो येत नव्हता. पूर्वीसारखं अर्थ न कळता म्हणता येईल का, ते मी करून बघितलं. एकदा कळलेला अर्थ काढून ठेवता येत नाही.

यंदाच्या दारफाळणीला घरात आम्ही दोघीच होतो. मशिदीतल्या प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष आळीतून जमवणंही कठीण झालं होतं. शिळ्या सणाच्या सकाळी मी उठून आले तर आई ताट वाढत होती. पुऱ्या, कोंबडी, हलवा. इतक्या वर्षांनी. मला वाटलं, बाबांचं. मला बरं वाटलं. मग तिने एका वाटीत गोड पोहे ठेवले, खोबरं घातलेले.

"आई, मलिदा कशाला?"

"त्याला आवडतो."

मला समजायला थोडा वेळ लागला. "आई, दादा जिवंत आहे."

"माहीत आहे मला."

"हे ताट जिवंत माणसाचं नसतं."

"बाबांचं वाढत नाही मी. त्याने नको म्हटलं होतं." ती ताट दाराजवळ ठेवून सरळ झाली. "स्वतःचं कुठे नको म्हटलंय?"

तिने अडसर काढला, फळ्या उघडल्या, बाजूला उभी राहिली. मी माझ्या जागी, भिंतीला टेकून. रस्त्यावर कुणी नव्हतं. मी "सावकाश जा" या शब्दांची वाट बघत होते आणि ते तिने म्हणू नयेत असंही मला वाटत होतं. आई रस्त्याकडे बघत होती. मग ती म्हणाली, "ये."

"आले, आले," कोपऱ्यावरून आवाज आला आणि कोळीण टोपली सावरत आली. ती आता म्हातारी झाली आहे. ओट्यावर बसताना तिला खांबाचा आधार लागतो. ताट बघून तिचा चेहरा फुलला. "लय वर्सांनी वाढलास गो. आज कोनाचा?"

"पोराचं."

तिचा हात पुरीवर होता. तो तिने मागे घेतला. "कंच्या पोराचा? तुजा येकच पोर. काय झाला त्याला?"

"काही नाही. आहे तिकडे."

"हाय?"

"आहे."

"मंग मी नाय खायची," कोळीण म्हणाली. तिने ताट दोन्ही हातांनी आत सरकवलं, उंबऱ्याच्या आत, अगदी आईच्या पायापाशी. "जित्याचा ताट हाय ता. वयनी, खुली का काय तू? झाकून ठेव. येल तवा त्याला वाढ."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग खाली बसली, तिथेच, उंबऱ्याशी, आणि रडली. बाबा गेले तेव्हा मी इथे नव्हते. त्यामुळे आईला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. कोळीण शेजारी बसून तिच्या पाठीवरून मासळीचा हात फिरवत होती. "येल गो, येल," म्हणत होती. येईल असं तिलाही वाटत नव्हतं, ते तिच्या आवाजात कळत होतं.

मी ताट उचललं आणि दुसऱ्या ताटाने झाकून ठेवलं.

ते दिवसभर तसंच होतं. आई दोनदा त्याच्या बाजूने गेली, झाकण उचललं नाही. ऊन उतरल्यावर ती म्हणाली, "काढ आता ते. आंबेल."

फेकायला माझा हात होईना. दुसऱ्या कुणाला देता येत नव्हतं. मी पाट घेतला आणि जेवायला बसले. पुऱ्या चामट झाल्या होत्या, रसावर साय धरली होती, पोह्यांतलं खोबरं उतरायला लागलं होतं. आई समोर बसून बघत होती. मी सगळं संपवलं, वाटीसकट.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

"गोड आहे," मी म्हटलं.

ती उठली आणि दार लावायला गेली. फळीला हात लावून थांबली. मग न लावताच परत आली.